एका फेऱ्यात किती पुढं

"ओ बाई! थांबा! पाय उचलू नका!"

निवृत्ती इतक्या जोरात ओरडला, की लोणारच्या बसस्टँडकडं चाललेली दोन माणसं आणि त्यांची म्हैससुद्धा थांबली. जिला थांबायला सांगितलं होतं, ती मात्र आधी एक पाऊल पुढं गेली आणि मग जागच्या जागी गोठली. एका हातात छत्री, दुसऱ्या बगलेत गुंडाळलेला नकाशा. भाद्रपदाची भुरभुर लागली होती.

"काय आहे... साप?" तिनं मान न वळवताच विचारलं.

"साप नाई. सालपट हाय."

सालपट म्हणजे लेथवर लोखंड सोलताना निघतं ते. वळ्या-वळ्यांचं, निळसर, पात्यासारखं धारदार. वर्कशॉपबाहेरच्या ढिगातलं एक तिच्या साडीच्या काठात अडकलं होतं आणि चांगलं सात-आठ हात तिच्यामागं फरफटत आलं होतं. निवृत्ती पक्कड घेऊन चिखलात गुडघ्यावर बसला. काठ न फाटू देता एकेक वळी सोडवायची म्हणजे वेळ लागणारच... आणि खरं सांगायचं तर त्यानं जरा जास्तच लावला.

ती वरून बघत होती. "इतकं सुंदर आहे, आणि तुम्ही फेकून देता?"

"सुंदर हाय म्हनूनच त हात कापते," तो बोलून गेला. मग आपण काय बोललो ते कळून त्याचे कान तापले.

ती हसली नाही. थोडी वाकली, सालपटाकडं निरखून बघू लागली. "तापल्यावर निळं होतं ना हे? किती तापल्यावर?"

आठ वर्षं निवृत्ती लेथवर उभा होता. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

निवृत्ती जवळच्याच बीबी गावचा. वडील गेल्यावर सोळाव्या वर्षी तो जहांगीरचाचांच्या वर्कशॉपमध्ये आला आणि चोविसाव्या वर्षी अख्ख्या मेहकर-लोणार भागात त्याच्यासारखा टर्नर नाही, असं चाचा गिऱ्हाइकांना स्वतः सांगायचे. सालपटवाल्या बाईंचं नाव जनका. हिवरा आश्रम गावच्या पंजाबरावांची धाकटी लेक. एकाहत्तरच्या जूनमध्येच मुलींच्या शाळेत गणित शिकवायला आली होती आणि रुक्मिणीबाईंच्या घरात खोली घेऊन राहत होती. ही सगळी माहिती निवृत्तीनं दोन दिवसांत मिळवली. तिसऱ्या दिवशी आणखी काही मिळेना, म्हणून तो बेचैन झाला.

चौथ्या दिवशी ती स्वतःच आली. शाळेच्या हातपंपाची पिन तुटली होती.

"बसा. अर्धा तास लागन," तो म्हणाला. पिन दहा मिनिटांची होती.

वर्कशॉपच्या मागंच चाचांचं घर. गौसियाचाचींनी पडद्याआडून पाहिलं, चहा पाठवला नाही, स्वतः घेऊन आल्या. "बैठो बेटी. ये लोहे का काम, इसमें देर लगतीच है," म्हणाल्या, आणि निवृत्तीकडं बघून डोळे मिचकावून गेल्या.

जनकाचं लक्ष लेथकडं होतं. लोखंडी दांडा गरगर फिरत होता आणि हत्याराचं टोक त्याला खेटून हळूहळू सरकत होतं. "एका फेऱ्यात हे किती पुढं जातं?"

"केसाएवढं. त्याले फीड म्हनतेत. हळू चालवलं त काम गुळगुळीत येते. घाई केली की तास पडतेत, रेघाच रेघा."

"म्हणजे तुम्ही सगळं असं हळूहळूच करता, मिस्त्री?"

निवृत्तीनं लेथ बंद केलं, पिन पुसली, तिच्या हातात दिली. "सगळं... नाई."

त्यानंतर शाळेतल्या वस्तू फार लवकर मोडायला लागल्या. कडी, बिजागरी, एकदा तर नुसता कंपासचा स्क्रू. ती यायची, स्टुलावर बसायची, गिअरचे दात मोजायची. शाळेतल्या शुद्ध भाषेत प्रश्न विचारायची आणि एखादी गोष्ट मनापासून आवडली, की भान सुटून एकदम गावच्या बोलीवर यायची. ती कधी बोलीवर येते, याची निवृत्ती वाट बघत असायचा.

अशात चाचांनी एक काम अंगावर घेतलं. मेहकरकडच्या एका जिनिंगवाल्याला कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत रोलरचे चाळीस दांडे हवे होते. मुदत पंधरा दिवस. चाचांनी होकार दिला आणि मग निवृत्तीला सांगितलं. दांडे चार-चार फूट लांब आणि अंगठ्याहून जरासेच जाड. असला लांब-बारीक दांडा हत्याराचा दाब बसला की मधोमध धनुष्यासारखा वाकतो. म्हणून तो फार हळू सोलायचा, परत परत सरळ करायचा. एका दांड्याला जवळजवळ दिवस.

"म्हणजे चाळीस दिवस," जनका म्हणाली.

"हाव. अन काम नाई झालं त जिनिंगवाला कायमचा अकोल्याले जाईन. चाचाचं अर्धं काम त्याच्याच भरवशावर हाय."

ती पुढं वाकली. दांड्यावर पडलेल्या बारीक रेघांवरून बोट फिरवत होती. आणि एकदम उठून उभी राहिली.

"मिस्त्री, तुमचं हत्यार नांगर हाय!"

"काय?"

"नांगराले टोक असते, म्हनून तास पडतेत. पन माह्या बाबानं मागून वखर मारला की तास राह्यतेत का? वखराची पास, ते लोखंडी पातं, आडवी असते, ती पुसत जाते. तुमच्या हत्याराच्या टोकाले अशी थोडीशी आडवी पास काऊन नाई देत तुमी? मंग फीड कितीबी वाढवा!"

ती बोलीवर आली होती. निवृत्तीला आधी तेवढंच ऐकू आलं. बाकीचं समजायला जरा वेळ लागला. समजलं तसं त्यानं सरळ सहाणेवर हत्यार लावलं आणि टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढी सपाट धार काढली. फीड पाचपट केलं. लेथ चालू केलं...

लेथ असं किंचाळलं, की चाचा नमाजाची चटई तशीच टाकून पळत आले. दांडा वाकला, हत्याराचं टोक उडून टिनाच्या छताला भोक पाडून गेलं.

"अरे बाबा, मारतो का आमाले!" चाचा छाती धरून म्हणाले.

जनकाचा चेहरा पडला. पण निवृत्ती वाकून दांड्याकडं बघत होता. मोडायच्या आधी हत्यार जेवढं चाललं होतं, तेवढा वीतभर भाग आरशासारखा झाला होता. "बाई, पास बरोबर हाय तुमची," तो हळूच म्हणाला. "दांडा वाकते, तेच फक्त मिटवाचं हाय."

दोन दिवस त्याला काही सुचेना. तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर बादली ओढताना त्याचे हात मधेच थांबले. दोर ताणला होता, सरळ रेघेसारखा. तोच दोर ढकलायला गेलं तर? तो तसाच, बादली विहिरीत सोडून, वर्कशॉपकडं धावला. सगळी दुनिया दांडा मागच्या टेकूकडून चककडं, म्हणजे जिथं तो आवळलेला असतो तिकडं, ढकलत ढकलत सोलते. त्यानं उलटं केलं. चकपासून सुरुवात करून हत्यार टेकूकडं नेलं, म्हणजे दांडा ढकलला न जाता ओढला जाईल. आणि टेकूला एक स्प्रिंग बसवली, दांड्याला लांबायला जागा मिळावी म्हणून.

शाळा सुटल्यावर जनका आली तेव्हा लेथ गुरगुरत होतं, किंचाळत नव्हतं. लांब वळ्यांच्या सालपटांऐवजी जाड निळे तुकडे खडखड खाली पडत होते. तेलाचा धूर उठला होता आणि त्या धुरापलीकडं निवृत्तीचे दात तेवढे दिसत होते.

"पाऊन तास," तो म्हणाला. "एका दांड्याले पाऊन तास, बाई!"

तिनं हात पुढं केला. दांडा इतका चकचकीत होता, की हात लावल्याशिवाय राहवणारच नव्हतं.

"गरम हाय!" त्यानं तिचं मनगट धरलं.

दांडा निवायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मनगट त्याच्या हातातच राहिलं.  पडद्यामागं कपबश्यांचा आवाज झाला, तेव्हा कुठं...

दुसऱ्या, जुन्या लेथवर चाचांचा पुतण्या सईद काम करायचा. त्यालाही ही रीत यायला हवी होती. निवृत्तीला करता येत होतं, सांगता येत नव्हतं. मग एका रविवारी जनकानं स्टुलावर बसून सगळं लिहून काढलं. पायरी पहिली : कोणता गिअर. पायरी दुसरी : हत्यार किती आत. पायरी तिसरी : कुठून सुरू, कुठं थांबायचं. अशा अकरा पायऱ्या, ठसठशीत अक्षरात, बाजूला फेऱ्यांचा आणि फीडचा तक्ता. सईदनं कागद समोर टांगला आणि पहिलाच दांडा बरोबर उतरवला.

"मशीनीले वाचता आलं असतं त आमची गरजच नव्हती," निवृत्ती हसत म्हणाला.

"मग तुम्ही काय केलं असतं?"

"तुमी लेहत बसल्या असत्या, मी चहा आनला असता."

"जन्मभर?" ती म्हणाली, आणि कागदात डोकं खुपसलं.

चाळिसावा दांडा दहाव्या दिवशीच निघाला. त्याच आठवड्यात पंजाबराव बाजाराला आले ते वर्कशॉपवर येऊन टेकले. लेथ पाहिलं, निवृत्तीला पाहिलं, चाचांशी तंबाखूची देवाणघेवाण केली. उठताना म्हणाले, "पोरगी म्हने, मिस्त्री डोक्याचे हायेत. दिवाळीले घरी या मंग. बोलू." त्या 'बोलू'चा अर्थ चाचांनी निवृत्तीला नंतर तीनदा समजावून सांगितला. निवृत्तीला तो पहिल्यांदाच कळला होता.

दिवाळीला दोन दिवस होते, तेव्हा साहेब आले.

पुण्याच्या एका कारखान्याचे ते इंजिनिअर. जिनिंगमध्ये मशीन बसवायला आले होते आणि दांडे बघून चौकशी करत लोणारपर्यंत पोचले. बारीक चष्मा, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी हत्यार हातात घेऊन उजेडात धरलं, स्प्रिंग दाबून पाहिली, लेथ चालवायला लावलं. मग टांगलेला कागद काढून वाचला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दोनदा.

"हे कोणी शोधून काढलं?"

जनका दारात उभी होती. चाचींच्या हातातला ट्रे तिनंच घेतला होता. साहेबांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. घरातली कुणी असेल, असं त्यांना वाटलं असावं.

निवृत्तीनं तिच्याकडं पाहिलं. मग साहेबांकडं. साहेबांच्या चष्म्यात त्याला पुणं दिसत होतं, मोठमोठे कारखाने, स्वच्छ लेथांच्या रांगा...

"मीच, साहेब."

"आणि हा कागद? फार पद्धतशीर आहे. असं लिहिणारा माणूस आम्हाला हवाय."

एवढीच एक वेळ होती. नंतर कितीतरी वर्षं निवृत्ती त्या क्षणाशी परत परत येऊन थांबायचा.

"तो बी... माहाच हाय."

ट्रे टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. अगदी हलका. एकही कप हिंदकळला नाही. तो वळेपर्यंत दार रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी तो तिला तळ्याच्या काठावर गाठायला गेला. शाळा सुटल्यावर ती कधीकधी तिथं वरच्या दगडावर वह्या तपासत बसायची. आजही बसली होती. खाली हिरवं पाणी स्थिर होतं आणि झाडीतून मोर ओरडत होते.

"बाई, मी तुमचं नाव घेतलं असतं त लोक काय म्हनले असते? पोरीचं नाव... चार मानसाईत..."

"म्हणून नाही घेतलं?" तिनं वहीवरून मान वर केली. "खरं सांगा, मिस्त्री. एवढंच कारण होतं?"

त्यानं खाली पाण्याकडं पाहिलं. "अर्धं."

"आणि उरलेलं अर्धं?"

उरलेलं अर्धं त्याला माहीत होतं. पण ते तोंडातून निघेना. "मले पुन्याले बोलावलं त्याहीनं," तो म्हणाला. "तिथं बस्तान बसलं की मी येतो. तुमच्या बाबाले भेटतो. दोन-चार महिन्याची गोष्ट हाय..."

"या," ती म्हणाली, आणि पुढची वही उघडली.

त्या दिवाळीला तो हिवरा आश्रमला गेला नाही. कोणत्या तोंडानं जाणार? पाडव्यानंतर चाचांच्या पाया पडून पुण्याच्या गाडीत बसला.

पुण्यात त्याचं चांगलं चाललं. साहेबांनी त्याच्या रीतीवर कारखान्यात शंभर माणसं तयार केली आणि सगळे तिला 'निवृत्ती पद्धत' म्हणायला लागले. ते नाव कानावर पडलं, की तो मान खाली घालून लेथकडं वळायचा. तो जनकाला पत्रं लिहायचा. पहिल्या पत्रात पुण्याची थंडी होती, दुसऱ्यात पर्वतीवरून दिसणारे दिवे, तिसऱ्यात 'तुमची आठवण येते' हेही होतं. उत्तर नाही. चौथ्या पत्रात त्यानं सहज एक अडलेलं गणित घातलं. निमुळता दांडा, फीड आणि फेरे यांचं कोडं.

आठव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. वर मायना नाही, खाली सही नाही. फक्त गणित, सोडवलेलं.

मग निवृत्ती गणितंच पाठवायला लागला. काही खरी अडलेली, काही मुद्दाम अडवलेली. प्रत्येकाचं उत्तर यायचं. अकरा पोस्टकार्डं झाली. तो रात्री जेवण झालं की ती पत्त्यांसारखी मांडायचा आणि आकड्यांत एखादा शब्द सापडतो का बघायचा. दोन-चार महिन्यांची गोष्ट तीन वर्षांची झाली. आधी पगार वाढू दे, मग खोली मिळू दे, मग पुढच्या दिवाळीला... तो स्वतःलाच कारणं देत राहिला.

पंचाहत्तरच्या सुरुवातीला कारखान्यात परदेशातून एक लेथ आलं. त्याला माणसानं चाकं फिरवायची गरज नव्हती. भोकं पाडलेली एक कागदाची पट्टी त्यात सरकवायची. कुठून सुरू करायचं, किती आत जायचं, फीड किती, कुठं थांबायचं, सगळं त्या पट्टीवर. मशीन वाचायचं आणि तसं चालायचं. साहेबांनी पट्टीसाठी पायऱ्या लिहायचं काम निवृत्तीवर सोपवलं. "तुम्ही तर हे लोणारलाच करत होता," ते कौतुकानं म्हणाले.

निवृत्तीनं पेन्सिल खाली ठेवली.

"साहेब, तो कागद मी लेहला नव्हता. अन ते हत्यारबी माह्या एकट्याचं नाई. तिथल्या शाळेच्या एक बाई होत्या. त्या दिवशी दारातच उभ्या होत्या."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "इतक्या वर्षांनी? आता काय फरक पडतो?"

"मले पडते," निवृत्ती म्हणाला, आणि चार दिवसांची सुट्टी मागितली.

तो लोणारला उतरला तो शनिवार होता, सकाळची शाळा. फाल्गुनातलं ऊन चढत होतं. जनका त्याला बसस्टँडवरच भेटली. हिवरा आश्रमला जायला निघाली होती. जरा बारीक झाली होती, डोळ्यांना चष्मा लागला होता. त्याला बघून तिनं पिशवी बाकावर ठेवली आणि जागा करून दिली.

"बसा, मिस्त्री."

तो बसला. प्रवासभर जुळवलेलं सगळं विसरला. "मी साहेबाले सांगतलं," तो म्हणाला. "की ते तुमचं होतं. सगळं."

"बरं केलंत."

"अन मी तुमच्या बाबाले भेटाले आलो. मले... जनका, मले तुमच्याशी लगीन कराचं हाय. पयल्या दिवसापासून होतं. त्या सालपटापासून."

ती समोरच्या रस्त्याकडं बघत राहिली. "वैशाखात माझं लग्न आहे," ती म्हणाली. "शिक्षक आहेत तेही. चांगले आहेत."

एक टांगा गेला. त्याची धूळ तिच्या पिशवीवर बसली, ती निवृत्तीनं हातानं झटकली.

"बाबा दर दिवाळीला विचारायचे," ती पुढं म्हणाली. आवाज शांत होता, पण बोटं पिशवीचा बंद गुंडाळत होती. "मिस्त्री येनार हायेत का म्हणून. तीन दिवाळ्या मी म्हणाले, येतील. ह्या दिवाळीला त्यांनी विचारलं नाही. आणि मला म्हणवलंही नाही."

"मी पत्रं लिहीत होतो..."

"हो. अकरा गणितं. सगळी सोडवली मी. प्रत्येक पत्र उघडताना वाटायचं, ह्यात असेल. पुण्याची थंडी होती, दिवे होते. एक वाक्य नव्हतं." ती पहिल्यांदाच त्याच्याकडं वळली. "साहेबांना सांगितलंत. मला कधी सांगितलंत?"

निवृत्तीनं दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. तळ्याच्या काठावर गिळलेलं ते अर्धं आता कुठं वर आलं.

"मी खोटं बोललो, जनका. लोकाईचं कारन नव्हतं. मले मोठं व्हाचं होतं. तुमचं नाव घेतलं असतं त मी लहान दिसलो असतो, असं वाटलं मले. तुमचं होतं अन मी माहं म्हनलो. माफ करा मले."

तिनं चष्मा काढला, पदरानं डोळे टिपले.

"बस," ती म्हणाली, आणि बोलीवर आली. "एवढंच पायजे होतं मले. एका पोस्टकार्डात मावलं असतं, हो मिस्त्री..."

तिनं चष्मा परत लावला. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "साहेबांनी नवीन काय आणलंय? चाचांना आलेलं तुमचं पत्र वाचून सईद सांगत होता, कागद वाचणारं लेथ आलंय म्हणे."

"पट्टी. भोकाईची."

"खरंच वाचते?"

तो सांगू लागला. बाकावरच्या धुळीत बोटानं दांडा काढला, भोकांच्या रांगा काढल्या. ती वाकून बघू लागली. "आणि मधेच फीड बदलायचं असलं तर? थांबते का?" "थांबत नाई, चालता चालता बदलते." "काय म्हनता! मंग कोपऱ्यावर कशी करते?" तिचं बोट धुळीत त्याच्या बोटाशेजारी आलं. दहा मिनिटं, फार तर पंधरा. जिनिंगच्या दांड्यांनंतर निवृत्ती इतका सुखात कधी बसला नव्हता.

तिची, मेहकरची गाडी आली.

ती उठली. पिशवी उचलली. "त्या पट्टीवर पायऱ्या लिहिणाऱ्यांना शिकवाल ना तुम्ही? नीट शिकवा. घाई नका करू," म्हणाली, आणि क्षणभर थांबून, "आणि उशीरही."

कंडक्टरनं घंटी दिली. मागच्या बाजूला तिला जागा मिळाली असावी. गाडी स्टँडबाहेर पडून वळणाला लागली, तरी निवृत्ती हात वर करून उभाच होता. तिनं मागं वळून पाहिलं की नाही, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. गाडीच्या मागच्या काचेवर ऊन पडलं होतं.